रविवारचं मोकळं जेवण

इंदुमतीनं काचनळीत निळं औषध घेतलं, वर आठ थेंब मोजून सोडले आणि चिमट्यात धरलेली नळी स्पिरिटच्या दिव्यावर नेली. औषध उकळून वर आलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं. दोन मिनिटं झाली तरी रंग जागचा हलला नाही.

"निळा," ती म्हणाली.

"लिही मग वहीत," ओसरीवरून दिवाकरराव म्हणाले. ते आरशासमोर बसून दाढी करत होते. "किती झाले?"

"अठ्ठावीस."

लघवीत साखर नसली की औषध निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं, जास्त असली तर पिवळं, आणि विटकरी झालं की मग बोलायलाच नको. डॉक्टरांनी हे रंग एका कागदावर लिहून दिले होते आणि इंदुमतीनं तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला होता. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद. दोन वेळा दोन-दोन फुलके, भाजी, ताक, आणि सकाळी तासभर फिरणं. महिन्याभरात रंग उतरला नाही तर इन्शुलिनची सुई सुरू करायची आणि या वर्षी ग्वाल्हेरचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ग्वाल्हेरचं प्रकरण असं की मध्यभारत राज्य झाल्यापासून सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला बसायचं. फायली, पेट्या, कारकून, सगळं लटांबर वर्षातून दोनदा हलायचं. दिवाकरराव आवक-जावक विभागात होते. हलणाऱ्या पेट्यांवर चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या असत. निघायला आता तीन आठवडे उरले होते.

रंग राहिला तर काय, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. "महिनाभर निळा दिसला तर आठवड्यात एक जेवण मोकळं सोडायला माझी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा येईल, पिवळासुद्धा येईल, त्याला घाबरायचं नाही. पण सोडायचं की नाही ते बाई, तुम्ही ठरवा. स्वयंपाकघर तुमचं." डॉक्टर मोठे हुशार. बंदूक तिच्या खांद्यावर ठेवून मोकळे झाले.

"मग परवा रविवार," दिवाकरराव गालाला वस्तरा लावत म्हणाले. "दाल-बाफले होऊन जाऊ देत. चुरम्याचे लाडू. बस, एकच टाइम."

"बघू."

"बघू काय? अठ्ठावीस निळे आहेत ना? अगं, दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मागल्या आठवड्यात ते फिरून परतले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठं गळली ते त्यांना कळलंच नव्हतं. ओसरीवर येऊन खाली बघितलं तेव्हा समजलं. दोघं त्यावर हसली होती. हसून झाल्यावर तिनं त्यांचे पाय धुताना बोटांना चिमटे काढून पाहिले आणि ते वर्तमानपत्र वाचत राहिले होते.

असंच सासऱ्यांचं झालं होतं. होळकरांच्या कचेरीतला रुबाबदार माणूस, पायाला एवढासा फोड आला आणि वर्षाच्या आत पाय गुडघ्यापासून गेला. इंदुमती तेव्हा तरुण सून होती. पट्ट्या तिनंच बदलल्या होत्या. त्या दिवसांचा वास तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

तिनं हळदीचा डबा घेतला आणि न्हाणीकडे गेली. मोरीपाशी पुन्हा मुंग्या लागल्या होत्या. महिन्यात चौथ्यांदा. तिनं हळदीची रेघ ओढली. जुनं घर म्हटलं की मुंग्या आल्याच, असं शेजारच्या प्रेमलताबाई म्हणाल्या होत्या.

रविवारी तिनं बाफले केले. कणिक घट्ट मळली, गोळे आधी पाण्यात उकळले, मग गोवऱ्यांवर भाजले आणि फोडून तुपात बुडवले. लाडू वळताना हात थांबत होते, पण वळले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. माणूस महिनाभर फुलके चावत बसला होता, एक शब्द बोलला नव्हता. एवढं तर त्याला द्यायलाच हवं, असं तिला वाटलं, आणि असं वाटलं म्हणून बरंही वाटलं.

दिवाकरराव जेवले. तीन बाफले, दोन लाडू, वाटीभर वरण. मध्येच त्यांनी कचेरीतली काही गोष्ट सांगितली. लाडवाचा दुसरा घास त्यांनी घेतला तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. महिनाभर तरसलेला माणूस असा सावकाश खात नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिनं तूप वाढलं.

सोमवारी सकाळी न्हाणीच्या कोनाड्यात नेहमीप्रमाणे बाटली ठेवलेली होती. ती बाटली घेऊन दिव्यापाशी बसली. आज हिरवा येणार, असं स्वतःला बजावून तिनं नळी तापवली.

निळा.

आधी तिला आनंद झाला. अगदी हाक मारायला तोंड उघडलं. मग ते तसंच मिटलं.

तिनं पुन्हा केलं. निळा. औषध शिळं झालं असेल म्हणून देवघरातल्या मधाच्या बाटलीतला एक थेंब पाण्यात कालवला आणि त्याचे आठ थेंब दुसऱ्या नळीत घातले. औषध तापताच क्षणात हिरवं, पिवळं होत विटकरी झालं. औषधात काही खोट नव्हती. तिनं कोनाड्यातली बाटली उघडून नाकाशी नेली. चहाच्या चोथ्याचा पुसट वास आला. बाकी पाणी. बाटली गार होती. रोजच गार असायची. पहाट गार असते, म्हणून बाटली गार, असं ती धरून चालली होती.

मोरीपाशी मुंग्यांनी हळदीची रेघ ओलांडली होती. जुनी ओळख पटावी तशी ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मधुमेही माणसाच्या मोरीला मुंग्या लागतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सासूबाईंनी तर बोटानं दाखवलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला! आणि ती महिनाभर हळद टाकत बसली होती.

राग यायला हवा होता. आला नाही.

दिवाकरराव फिरून आले. तिनं दोन्ही नळ्या, निळी आणि विटकरी, त्यांच्यापुढे पाटावर ठेवल्या.

"ही तुमची. ही मधाची."

त्यांचा कोट काढायला गेलेला हात तसाच राहिला.

"कुठं खाता?"

"राजवाड्यापाशी." आवाज अगदी साधा होता. "पोहे. जिलबी."

"रोज?"

"हो. रोज."

"आणि चहाचं पाणी घालून मला निळा दाखवायचा."

"अगं, तू निळा म्हणायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा..." ते थांबले. "आणि ग्वाल्हेरही होतं. सुई लागली तर मला इथंच बसवतील. मग पेन्शनीत काढतील."

"आणि पाय?"

दिवाकरराव बाकावर बसले. चपला काढल्या नाहीत.

"बाबांनी सगळं पाळलं होतं, इंदू. तूच ताटं करायचीस ना? एक दाणा भाताचा नाही, चार वर्षं. सुया घेतल्या. तरी पाय गेलाच ना? मला खाली काही कळत नाही. चप्पल गेली तरी कळत नाही. गरम पाणी, गार पाणी, एकच. पण जिलबी तोंडात घातली की कळतं. तेवढंच एक कळतं, यार."

'यार' त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. ते मित्रांसाठी असायचं. तिनं त्यांच्यासमोर खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, सुपारीएवढा फोड होता. फुटायच्या बेतात. त्यांना माहीत नव्हता.

तिनं तो त्यांना दाखवला नाही. पण तिचा चेहरा बघून त्यांनी स्वतःच पाय उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला, अलगद, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

दुपारी डॉक्टर येऊन फोड बांधून गेले. सुई मंगळवारपासून ठरली. ग्वाल्हेरचं नाव कुणी काढलं नाही. रात्री दिवाकररावांनी दोन फुलके खाल्ले आणि ताट सरकवलं.

"रविवार संपले आता," ते म्हणाले. विचारल्यासारखं नव्हतं ते.

ती ताट उचलून आत गेली.

मंगळवारी पहाटे इंदुमती न्हाणीच्या दारापाशी उभी राहिली. आत दिवाकरराव होते.

"तू जा. मी ठेवतो कोनाड्यात."

"मी इथंच आहे."

"इंदू."

"घाई नाही मला."

बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं आणि हात बाहेर आला. तिनं बाटली घेतली. बाटली कोमट होती. तिनं ती दोन्ही तळव्यांत धरली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. दिवा लावायची गरजच नव्हती, पण वही होती, म्हणून तिनं दिवा लावला आणि नळी तापवली. अठ्ठाविसाचे तीस झालेले निळे तिनं पान उलटून मागं टाकले. कोऱ्या पानावर तारीख घातली, पुढं 'विटकरी' असं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत बसून राहिली.

दिवाकरराव लंगडत येऊन शेजारी उभे राहिले. वहीकडे बघितलं.

"लिहिलंस?"

"खरं आहे ते लिहिलं. रोज लिहीन." तिनं वही मिटली. "रविवारी एक बाफला. लाडू अर्धा. डॉक्टरांना मी सांगेन. इथं, माझ्यासमोर बसून खायचं."

ते खाली बसले, बांधलेला पाय पुढं घेऊन.

"अर्धा म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "मोठ्यातला अर्धा की छोट्यातला?"