मागच्या ओळीतला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, पेरूएवढा, खाली टोकदार. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. माझा आवाज आज तसा निघणार नाही. मला राग आला आहे, आणि तो लपवण्याइतका मी गुळगुळीत राहिलेलो नाही.

माझे काम आधी समजून घ्या. माझ्या दोरीत माझ्याच रुंदीची एक लाकडी चकती ओवलेली आहे. मिस्त्री ती चकती भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. अंतर राहिले किंवा मी भिंतीवर रेललो, तर वाकडी. वारा असला की मी हलतो. तेव्हा मिस्त्री तळहात लावून मला थांबवतो आणि मगच वाचतो. घर कोणाचे आहे, हे मला दोरीतून कळत नाही. जमीन मला ओढते, आणि तिचे म्हणणे मी वर कळवतो.

अकोल्यातल्या एका लेथवर माझा जन्म झाला. मंगरूळपीरच्या दर्ग्याच्या उर्सात, बांगड्या आणि कढयांच्या दुकानांमधल्या एका फाटक्या ताडपत्रीवरून पंजाबरावांनी मला उचलले. तेव्हा ते विशीतले होते, उस्तादाच्या हाताखाली विटा वाहत होते. पहिल्या मजुरीत त्यांनी चप्पल घेतली नाही, मला घेतले. त्यानंतर तीस वर्षे आम्ही या तालुक्यात भिंती उभ्या केल्या. शाळेच्या खोल्या, दवाखान्याचा ओटा, किती तरी लोकांची घरे. त्यातल्या एकाही भिंतीबद्दल मला खाली पाहावे लागलेले नाही.

मानोरा रस्त्यावर शेतांचे प्लॉट पडले, तेव्हा पुढच्या ओळीतल्या बबनरावांनी आम्हाला बोलावले. बबनराव मोठे शेतकरी. गावची शेती ठेवून तालुक्याला राहायला आलेले. पायाभरणीच्या दिवशी त्यांच्या घरच्या बायकांनी मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले. मी खूश झालो होतो, हे आता सांगायला लाज वाटते. पुढे देवघराची भिंत एक सूत बाहेर गेली. एक सूत म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढे. पंजाबरावांनी ती पाडली.

"राहू द्या न मिस्त्री," बबनराव म्हणाले, "कोणाले दिसते?"

"मले दिसते," पंजाबराव म्हणाले.

पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली, तिसऱ्यांदा मी भिंतीला जेमतेम शिवलो. वास्तुशांतीच्या दिवशी मात्र पंजाबरावांना त्याच घराच्या उंबऱ्याशी, बाहेर थांबवण्यात आले. "तुमी इथंच बसा, हवा चांगली हाय," असे कोणीतरी हसून म्हणाले. मला आत नेले होते, पूजेला. मी आतून पाहत होतो. कुंकू माझ्या अंगावर ओले होते, आणि ज्या तळहाताने मला इतकी वर्षे थांबवले, तो बाहेर अंगणात पत्रावळ धरून होता.

दुसऱ्या वर्षी पंजाबरावांनी मागच्या ओळीत, बबनरावांच्या घराला पाठ लावून, आपले घर बांधले. मागच्या ओळीत बहुतेक बौद्ध कुटुंबे. कोणी शिक्षक, कोणी मजूर, कोणी कंडक्टर. नकाशा तोच, विटा त्याच भट्टीच्या, सळई त्याच दुकानची. दोन्ही घरांत फरक असलाच, तर आमचे घर एका वर्षाने नवे होते.

मग लेझरची यंत्रे आली. पंजाबरावांची नजर मंदावली. मी दाराआडच्या खुंटीवर गेलो आणि माझ्यावर धूळ बसली. तीही मी मुकाट्याने सोसली. दुर्लक्षाने मला राग येत नाही. खोटेपणाने येतो.

पंजाबराव आणि रुख्मिणीबाईंची मुलगी सरिता शेतकी पदवीधर आहे. वाशीमच्या एका प्रयोगशाळेत तिने दोन वर्षे मातीच्या पिशव्या तपासल्या. तिला मंगरूळपीरला स्वतःचे माती परीक्षण केंद्र काढायचे होते. बसस्टँडजवळचा गाळा महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवला होता; नंतर तो दुसऱ्याला जाणार होता. यंत्रांसाठी बँकेचे कर्ज हवे होते आणि तारण एकच, हे घर. म्हणून घराची किंमत ठरवायला बँकेने मूल्यांकन करणाऱ्या साहेबांना पाठवले.

साहेबांनी नाव विचारले. पंजाबरावांनी सांगितले.

"आडनाव काय म्हणालात?"

पंजाबरावांनी पुन्हा सांगितले. साहेबांची नजर दर्शनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर गेली, आणि त्यानंतर ती कुठल्याच भिंतीवर गेली नाही. टेप पिशवीतून निघाली नाही. जिन्याखाली, मोरीत, गच्चीवर कोणी गेले नाही.

"चहा घ्या साहेब," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"नको, ॲसिडिटी आहे."

दहा मिनिटांत ते गेले. आठ दिवसांनी कागद आला. बांधकामाचा दर्जा: साधारण. परिसर: विशिष्ट वस्ती, मागणी कमी. किंमत सतरा लाख. तेवढ्यावर यंत्रांचे कर्ज बसत नव्हते.

पंजाबरावांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. "किमतीचं सोड बाई," ते सरिताला म्हणाले, "पण साधारण? माह्या भिंतीले साधारण?"

बाईमाणसाला आवाज चढवता येतो, मिस्त्रीला हातोडा मारता येतो. पितळेला काय येते? मी खुंटीवर लटकून राहिलो.

त्या संध्याकाळी मागच्या कंपाउंडवरून एक हात आला. बबनरावांची सून राखी. हातात प्लास्टिकचे फोल्डर.

"काकू, हे घ्या. मागच्या वर्षी आमी कर्ज काढलं, तवाचा रिपोर्ट हाय. मामाजींच्या कपाटातून काढला. झेरॉक्स करा न् लवकर द्या, नाई त मले या भिंतीवरून तुमच्याइकडंच राहाले या लागीन."

तेच साहेब, तीच सही. बांधकामाचा दर्जा: उत्तम. परिसर: शांत, सुसंस्कृत वस्ती. किंमत अठ्ठावीस लाख.

"न् ॲसिडिटी?" रुख्मिणीबाईंनी विचारले.

"कायची ॲसिडिटी काकू! दोन कप चहा पेला, वरून पोहे."

मित्रांनो, दोन्ही घरांच्या भिंती मी वाचलेल्या आहेत. एकच हात, एकच दोरी, एकच मी. एका बाजूला उत्तम, दुसऱ्या बाजूला साधारण, आणि मध्ये वीतभर जाडीची भिंत. माझ्या तीस वर्षांच्या साक्षीवर त्या माणसाने पेन फिरवले, तेही मला खुंटीवरून न काढता.

दुसऱ्या दिवशी सरिताने मला पिशवीत घातले आणि बँकेत नेले. शाखेच्या मॅनेजर मॅडमनी त्या साहेबांनाही बोलावून घेतले होते. सरिताने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.

"विशिष्ट म्हणजे कोणती वस्ती, सर?"

"ती टेक्निकल टर्म असते."

"मंग टेक्निकलच सांगा. विशिष्टच्या जागी नेमका शब्द लिहा न् खाली सही करा."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. पुन्हा लावले. "हे मी म्हणत नाही हो, मार्केट म्हणतं."

"मार्केटनं सही केली का इथं? हे त तुमची सही हाय."

मग तिने मला बाहेर काढले आणि काचेवर ठेवले. जरा जोरातच. काच फुटली नाही याचे मला वाईट वाटले.

"मॅडम, या ओळंब्यानं दोन्ही घरं बांधली. आमच्या लॅबमधी मातीच्या पिशवीवर शेतकऱ्याचं नाव नसते, नंबर असते. नाव दिसलं की तपासणाऱ्याचा हात हलते, म्हणून. तुमी बी तसंच करा. दुसरा माणूस बोलवा. दोन घरं, दोन नंबर. नाव नाई, जात नाई."

मॅडमनी दोन्ही कागद ओळीओळीने ताडून पाहिले. मग त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस बोलवायचे कबूल केले. अट एकच होती: दोन्ही घरांवर मालकाची ओळख पटेल असे काही दिसू नये.

बबनराव भडकले. "माह्या घराले पेपर चिकटवू? माह्याच नावाले? न् तिकडचा भाव वाढला, त इकडचा उतरन त्याचं काय?"

तेव्हा पंजाबराव स्वतः गेले. मला हातात घेऊन गेले, म्हणून मला हे ठाऊक आहे. या वेळी ते उंबऱ्याशी थांबले नाहीत. सरळ देवघराच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"बबनभाऊ, हे भिंत मी दोन डाव पाडली. तुमी म्हणे, कोणाले दिसते. मले दिसलं, म्हणून पाडली. आता माह्यासंगं जे झालं, ते तुमाले दिसते का, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांच्या संगमरवरी पाटीवर वर्तमानपत्र चिकटवलेले होते. राखीने चिकटवले, बबनराव शिडी धरून उभे होते. एका सकाळीपुरते ते घर निनावी झाले, आणि बबनराव स्वतःच्याच फाटकाशी पाहुण्यासारखे अवघडून उभे राहिले. आमच्या ओळीने ते अवघडणे आयुष्यभर अंगावर वागवले आहे.

आमच्या घरात पंजाबरावांनी तसबीर उतरवली. मागे रंग न उडालेला निळा चौकोन उरला आणि एक खिळा.

"घर आपलं," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "न् त्यात आपणच लपावं?"

"एका दिवसाचं हाय."

"आजपर्यंत सगळं एकेका दिवसाचंच त होतं."

त्या उघड्या खिळ्यावर पंजाबरावांनी मला टांगले.

नवा माणूस आला. त्याने टेप काढली, गच्चीवर गेला, मोरीत वाकला, चहाही प्याला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "घेऊ का हा?" असे विचारून त्याने मला काढले आणि तीन भिंतींना लावले. पुढच्या घरातही नेले. तिथल्या देवघराच्या भिंतीला मी जेमतेम शिवलो, इतक्या वर्षांनीही.

परत येऊन तो दोरी गुंडाळत म्हणाला, "दोन्ही घरं एकाच मिस्त्रीची दिसतात. असा हात आता मिळत नाही. कोण होता हो?"

पंजाबराव दोन हातांवर समोर उभे होते. ओळख द्यायची नाही, असे ठरले होते. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी आपले दोन्ही तळहात पाठीमागे नेले.

"होता एक," ते म्हणाले.

त्या क्षणी मी तापून वितळलो असतो, तर बरे झाले असते.

आठवड्याने नवे कागद आले. दोन्ही घरे उत्तम. आमच्या घराची किंमत वीस हजारांनी जास्त, कारण ते वर्षाने नवे. कर्ज मंजूर झाले, गाळा हातचा सुटला नाही, बसस्टँडजवळ आता सरिताच्या नावाची पाटी आहे. मॅडमनी नियम केला की टेप न लावता दर्जा लिहायचा नाही, आणि कमी किंमत लिहिणाऱ्याने कारण स्पष्ट शब्दांत लिहायचे. चांगला नियम आहे. पण मागच्या ओळीतल्या आणखी सात घरांचे जुने कागद अजून 'साधारण' म्हणूनच फायलींत पडले आहेत, आणि पहिले साहेब अजून पिशवीत टेप घेऊन हिंडतात.

तुम्ही म्हणाल, न्याय झाला, आता राग कशाला? ऐका. त्या घराला त्याची खरी किंमत मिळाली, ती त्याचे नाव झाकल्यावर. ज्या माणसाने भिंत उभी केली, त्याला तिचे कौतुक परक्यासारखे ऐकावे लागले. मातीच्या पिशवीला नंबर पुरतो. माणसाला पुरू नये.

नवा माणूस पाहणी करून गेला, त्याच संध्याकाळी रुख्मिणीबाईंनी तसबीर पुन्हा तिच्या खिळ्यावर लावली. शेजारी नवा खिळा ठोकून मला टांगले. दाराआड नाही, दर्शनी भिंतीवर.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या इंजिनिअर होतील, कोणी बँकेत बसतील, कोणी घरांच्या किमती ठरवतील. मला घासूनपुसून ठेवा, असे मी मागत नाही. एवढेच मागतो: समोरच्याचे नाव नीट विचारा, पूर्ण विचारा, आडनावासकट. आणि ते ऐकून तुमच्या आत काही हलले, तर लगेच लिहू नका. आधी तळहात लावून ते थांबवा. मला थांबवायला पंजाबराव होते. तुमच्या आतले जे हलते, ते थांबवायला दुसरे कोणी येणार नाही.