तिसरा टेक

घोड्याच्या खुराचा ठसा खाडीच्या पाण्याने भरायला बावीस सेकंद लागत होते. मी तीनदा मोजून पाहिलं. कोलशेतच्या आमच्या बंद मिठागरात मयूरच्या मित्रांच्या वेस्टर्न सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. डाकूंच्या टोळीचा सरदार माझा भाऊ मयूर, आणि त्याला घाबरून जमीन देऊन टाकणारा म्हातारा आमचे बाबा.

मयूरने घोड्यावरून उडी मारली, हवेत दोन बार काढले आणि बाबांवर पिस्तूल रोखलं.

"म्हाताऱ्या, जमीन देतोस का नाय?"

बाबांनी "घे" म्हणायचं होतं. ते नुसते बघत राहिले.

"काका, घाबरा ना!" दिग्दर्शक ओरडला.

"कोनाला? या मयऱ्याला?"

सगळे हसले. दुसऱ्या टेकलाही तेच झालं. बाबा वाक्य विसरले होते की सिनेमा, मला कळेना. बिल्डरच्या टॉवरसाठी मयूर घरी तीन वर्षं हेच विचारत होता आणि बाबा दरवेळी "बघू" म्हणत होते.

तिसऱ्या टेकला मयूरचं पिस्तूल थोडं खाली आलं.

"देताय का, बाबा?"

संवादात 'बाबा' नव्हतं. कॅमेरा थांबवायचा की नाही, कोणालाच समजेना.

"नाय देनार," बाबा म्हणाले.