दाब विचारायचा राहिला

"निसर्ग कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस!" असे सर भरल्या घरात गरजले. भरले घर म्हणजे बायको, आणि तिने मिक्सर चालू केला होता.

सर निवृत्त झाले होते, पण पदार्थविज्ञान त्यांना सोडायला तयार नव्हते. उभ्या जन्मात प्रत्येक गणित त्यांनी 'वायू आदर्श आहे असे समजा' या वाक्याने सुरू केले. ही सवय जावई निवडताना नडली, पण तो विषय घरात बंद होता.

मुलगी तेव्हापासून माहेरीच. छकुली. वायूच्या कारखान्यात इंजिनिअर. कार्बन डायऑक्साइड तापवायचा नवा हीटर तिने आखला होता. हा वायू एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, तो आकडा तिने जेवताना बाबांना विचारला आणि बाबांनी घास न गिळता सांगून टाकला.

आज त्या हीटरची चाचणी. बूट चढवता चढवता ती आईला ओरडून सांगून गेली, "दाब हवेच्या ऐंशी पट आहे गं, सगळं सावकाश करावं लागतं. उशीर होईल!"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी दाब विचारलाच नव्हता. आदर्श वायूला तो विचारावा लागत नाही. कितीही दाबा, त्याची उष्णतेची भूक तेवढीच. खरा वायू इतका दाबला की त्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात, आणि त्यांना सोडवण्यातच कितीतरी उष्णता खपते. म्हणजे हीटर तोकडा. वायू गारच पुढे जाणार, झडपेतून सुटताना त्याचा बर्फ होणार, झडप तुंबणार. आणि तुंबलेले एकदम सुटेल तेव्हा समोर उभा असलेल्याचे काही खरे नाही.

समोर छकुलीच उभी राहायची.

फोन लागेना, कारखान्यात ते फाटकावरच काढून घेतात. सर रिक्षाने फाटकावर पोचले.

"कोणाकडे, काका?" पहारेकरी म्हणाला.

"छकुलीकडे."

"अशा कोणी मॅडम नाहीत."

"अरे, हीटरवाल्या!"

"मग असं सांगा की. मॅडमच्या नावावर लिहितो, ही टोपी घाला आधी."

हेल्मेट नाकापर्यंत उतरले. ते एका हाताने सावरत सर आत धावले. झडपेवर माणसाचा हात होता, शेजारी छकुली, तिच्यामागे साहेब.

छातीत दुखतंय म्हणावे, असा मोह सरांना झाला. चाचणी आज टळली असती, मुलीची अब्रूही राहिली असती. पण उद्या?

"थांबवा! आकडा चुकलाय. लेकीला मी सांगितलेला."

कामगाराने हात काढला. साहेबांनी सरांकडे पाहिले, मग छकुलीकडे.

"मॅडम, आपला हीटर तुमच्या वडिलांनी आखलाय?"

"नाही, साहेब. विचारलं त्यांना, पण ताडून पाहायचं काम माझं होतं," छकुली म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मी पाहिलं नाही."

"केबिनमध्ये या. नोकरीचं काय ते तिथंच बोलू."

"छकुले, मी येतो ना, मी समजावतो त्यांना..."

कामगार उगाचच मीटर पुसू लागला. छकुली दोन पावले जाऊन थांबली. सरांना वाटले, आता ती काय हवे ते बोलेल, आणि आपण ते ऐकून घेऊ.

"बाबा," ती म्हणाली, "जाताना ती टोपी फाटकावर आठवणीने परत द्या. माझ्या नावावर दिलीय."