हिरामणभाऊंच्या जीपची फाईल

मी एक जुना लॅपटॉप आहे. जाडजूड, काळा, आणि आजकालच्या सडपातळ लॅपटॉपांशेजारी ठेवलात तर पोळीशेजारच्या भाकरीसारखा दिसणारा. माझं झाकण उघडताना कुरकुरतं, बॅटरी कधीच गेली आहे, आणि भिंतीतली वायर काढली की मी जागच्या जागी डोळे मिटतो. तरीही मित्रांनो, एके काळी नाशिकच्या अंबड भागातल्या हिरामणभाऊंच्या गॅरेजात माझा मोठा मान होता. तो मान मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर आठवून आठवून जीव कासावीस होतो.

हिरामणभाऊ मूळचे घोटीचे. गाडी खोलणारे पुष्कळ असतात, हिरामणभाऊ मात्र आधी तिचं ऐकून घेत. आताच्या गाड्यांत इंजिनाला एक मेंदू असतो. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, हे त्याच्यातल्या आकड्यांवर ठरतं. त्या सगळ्या आकड्यांची मिळून एक फाईल होते. भाऊ ती माझ्यात उतरवून घेत, आकडे बदलत आणि पुन्हा गाडीत भरत. येवल्याहून कांदा भरून निघालेली पिकअप घाटात धापा टाकते म्हणून ड्रायव्हर रडत यायचा आणि पुढच्या खेपेला पेढे घेऊन हसत यायचा. पेढे भाऊ खायचे, पण कौतुकाने पुसायचे मात्र मला.

खंडेनवमीला पान्यांच्या ओळीत माझीही पूजा व्हायची. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. माझ्या पाठीला एक चावी लागायची. चावी म्हणजे पेनड्राइव्हसारखा बोटाएवढा तुकडा. तो लावल्याशिवाय फाईल उघडणारा माझा प्रोग्राम हूं की चूं करत नसे. त्या चावीलाही भाऊ कुंकू लावत. म्हणत, "देव रुसला तर चालंल, ही रुसली तर धंदा बसंल."

मग नवे लॅपटॉप आले. भाऊंची मुलगी निकिता शिकून गॅरेजात उभी राहिली, तिने नवं मशीन घेतलं आणि मला कपाटात ऑइलच्या रिकाम्या डब्यांशेजारी जागा मिळाली. गरज सरो, वैद्य मरो. मी रागावलो नाही असं म्हणणार नाही. पण भाऊ अधूनमधून कपाट उघडून माझ्यावरची धूळ पुसत, तेवढ्यावर माझा राग जाई. गेल्या वर्षी ते पुसणं थांबलं. गॅरेजात एक दिवस माणसं जमली, हलक्या आवाजात बोलली आणि शटर खाली ओढलं गेलं. भाऊ गेले, हे मला त्या बोलण्यातून कळलं. तरी कपाटाचं दार वाजलं की मला तोच हात आठवायचा.

या पावसाळ्यात इगतपुरीजवळ रस्त्यावरच्या पाण्यातून भाऊंची जुनी जीप काढताना तिच्या मेंदूत पाणी शिरलं. जुना मेंदू कायमचा गेला. निकिताने नवा बसवला, त्यात कंपनीची साधी फाईल भरली. जीप लगेच सुरू झाली. तिची आई लंकाबाई घोटीच्या बाजाराला जायला म्हणून आत बसल्या आणि थोड्या वेळाने उतरून आल्या.

"निकी, ही गाडी आपली नाय वाटत."

"आई, गाडी आबांचीच आहे. फक्त मेंदू नवीन टाकलाय."

"मग ह्यांचं काय राहिलं तिच्यात?"

निकिता कपाटाकडे आली. भाऊंनी हाताने बसवलेले त्या जीपचे आकडे आता साऱ्या जगात एकट्या माझ्या पोटात होते.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं. पण सुरू होताना माझ्या आतली, सगळ्या फाईली साठवणारी तबकडी खरखरली, निकिताचा चेहरा उतरला. ही तबकडी बंद पडली की भाऊ दुसऱ्यांदा जाणार होते. शिवाय चावी सापडेना. शेवटी लंकाबाई म्हणाल्या, "ती होय? ती देव्हाऱ्यात हाय. ह्यांच्या माघारी मी रोज पूजा करते तिची." चावी आली ती लालभडक होऊन. कुंकवाने तिची टोकं इतकी बुजली होती की प्रोग्राम तिला ओळखेना. निकिताने दात घासायच्या ब्रशने ती हळूहळू साफ केली. तिसऱ्या खेपेला मी भाऊंची फाईल उघडली.

पण उघडली म्हणून झालं नाही. माझा प्रोग्राम आपल्याच लिपीत लिहितो, आणि नव्या मशीनला ती लिपी येत नाही. मोडीतला कागद आजच्या पोरापुढे ठेवावा, तसंच ते. निकिताने आकडे एकेका तक्त्याने बाहेर काढले. हा डिझेलचा तक्ता, हा हवेच्या दाबाचा, असं ओळखून नव्या मशीनच्या रकान्यांत बसवले. दोन दिवस ती माझ्यासमोर होती. आकडे वाचताना ती ओठ हलवते, अगदी भाऊंसारखी. त्या दोन दिवसांत मला वडीलही दिसले आणि लेकही दिसली.

शेवटी गाडी नुसती उभी असताना इंजिन किती फिरावं, तो आकडा आला. तो कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. नव्या मशीनने चूक म्हणून त्याला लाल रंग दिला. "उतरवताना गडबड झाली असणार," असं पुटपुटत निकिताने तिथे कंपनीचा आकडा घातला.

गडबड नव्हती, मित्रांनो. तो आकडा बदलताना मी जीपच्या बॉनेटवर होतो. पण मला ओरडता कुठे येतं?

जीप सुरू झाली, चढाला पूर्वीसारखी झेपावली. लंकाबाई आत बसल्या, डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग मान हलवली.

"पळते तशीच. पण उभी राहिली की परकी होते. ती डुगडुगायची, सीट हलायची."

"ते चुकीचं असतं आई. इंजिन इतकं मंद ठेवत नसतात, हादरतं ते."

"ठेवत नसतील. तू तान्ही होतीस तवा पाळण्यात झोपायची नाय, झोळीत झोपायची नाय. जीप चालू करून मांडीवर घेतलं की झोपायचीस. मग ह्यांनी ती मुद्दाम तशी डुगडुगती केली. डिझेल जाळून पोरगी झोपवणारा बाप, लय हसायचे लोक. तू मोठी झालीस, मी म्हटलं आता करा नीट. म्हणाले, राहू दे."

निकिता माझ्यासमोर येऊन बसली. भाऊंचा आकडा तिने दोनदा वाचला आणि तो लाल रकाना तसाच लाल ठेवून भरला.

जीप पुन्हा सुरू झाली. डुगडुग, डुगडुग. लंकाबाईंच्या बांगड्या वाजू लागल्या. दारातून खेचलेल्या लांब वायरीला जोडलेला मी निकिताच्या मांडीवर होतो आणि तिच्याबरोबर हलत होतो. "आबा," एवढंच ती म्हणाली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या तबकडीची खरखर त्या आवाजात कुणाला ऐकू आली नाही. माझे फार दिवस उरलेले नाहीत. आता मला त्याची भीती वाटत नाही, फक्त तो पुसणारा हात एकदा हवा होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी कपाटात पडलेलं असेल. त्याच्यातलं सगळं नव्यात जरूर उतरवून घ्या, ते चालू आहे तोवरच घ्या. पण उतरवताना एखादी गोष्ट चुकलेली दिसली, तर ती सुधारण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. कोण जाणे, ती तुमच्याच झोपेसाठी केलेली असेल.