एक तुमच्याकडे राहू दे

सूरवाल्यांनी दोन्ही कुत्र्यांचे पट्टे सोडले आणि मास्तरला हाक मारली, तर मास्तर नेमका उलट्या दिशेला निघाला. भिंगरी मात्र हाकेसरशी दहिवरावरून घसरत त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"बघ, तू शिकलीस," ते तिला म्हणाले. "त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

त्या सकाळी रानबागेत चिटपाखरू नव्हतं. बागेचा पुढचा भाग वाफ्यांचा आणि माणसांचा. मागचा भाग उंच झाडांना मोकळा सोडलेला. झाडं आता पार निष्पर्ण झाली होती आणि वाटेवर ओल्या, काळपट पानांचा थर साचला होता. सूरवाल्यांना ही वाट आवडे, कारण इथे आवाज नसे. लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून गल्लीत त्यांना हे नाव पडलेलं. अशा माणसाला आवाजाचं वावडं असावं हे विचित्रच, पण होतं खरं. घरात साधं झाकण पडलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. एखादी तार किंचित उतरली तर शेजारच्या खोलीतून सांगणारा तो कान, त्याला जपायला नको? सगळं घर त्याला जपत आलं होतं.

आता जपायला घरात कोणी उरलं नव्हतं. पानगळ सुरू होताना बायको चार दिवस म्हणून लेकीकडे गेली, ती परत आलीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. काल लेकीचा फोन आला. आईला कुत्र्यांशिवाय करमत नाही, मी गाडी घेऊन बागेच्या मागच्या फाटकाशी येते. पण एक तुमच्याकडे राहू दे, म्हणतेय आई. कुठला, ते तिथे ठरवू.

त्यांचं ठरलेलं होतं. भिंगरी गोड, पण कालची. मास्तर पिल्लू असताना त्यांच्या कोटाच्या खिशात बसून घरी आला होता. तोही गेला तर त्या घरात आपण नुसते भिंतींकडे बघत बसू, या धास्तीने त्यांना नीट झोपही लागली नव्हती.

वळणावर मागून माळ्याची ढकलगाडी खडखडत आली. भिंगरी टुणकन बाजूला झाली. मास्तर वाटेच्या मधोमध एक पान हुंगत राहिला. चाक शेपटीला टेकणार, एवढ्यात माळ्याने गाडी कशीबशी थांबवली.

"माफ करा हं," सूरवाल्यांनी मास्तरला मानेला धरून ओढलं. "वयाबरोबर तोरा वाढलाय याचा."

"आमच्या सासऱ्यांचंही तसंच आहे," माळी म्हणाला आणि हसत पुढे गेला.

फाटकाशी लेक उभी होती. ती दिसताच मास्तर म्हातारपण विसरून धावला. तिने खाली बसून त्याला कवेत घेतलं.

"जेवता ना वेळेवर, बाबा?"

"जेवतो. आई कशी आहे?"

"बरी आहे. हल्ली काम करताना गाते."

"गाते?"

"आम्हालाही नवीनच होतं ते." तिने मास्तरच्या पाठीवरून हात फिरवला. "याच्यात काही फरक जाणवला का हो तुम्हाला?"

आजारी म्हटलं तर ही घेऊन जाईल, या भीतीने ते घाईघाईने म्हणाले, "छे, ठणठणीत आहे. जरा हट्टी झालाय, इतकंच. हाक मारली तरी ढिम्म."

लेकीने मास्तरच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"अगं, तो राहू दे. भिंगरीला ने."

"त्याला ऐकू येत नाही, बाबा. मागच्या हिवाळ्यापासून." तिचा आवाज खाली आला. "आई पाय आपटून बोलवायची त्याला. जमीन हादरली की त्याला कळतं."

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज यायचा. कशाला आदळआपट करतेस, म्हणून ते आतून ओरडायचे. तिने कधी उत्तर दिलं नाही, आणि त्यांनी कधी उठून बघितलं नाही. सूरवाल्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मला सांगायचं ना तिने."

"मी म्हटलं तिला. ती म्हणाली, कळेल त्यांना आपणहून." लेक जरा अडखळली. "आज मी निघताना म्हणाली, आता तरी कळलं असेल तर मास्तर त्यांच्याजवळ राहू दे. नसेल कळलं तर घेऊन ये, नाहीतर एक दिवस एखाद्या गाडीखाली जाईल तो."

सूरवाल्यांनी वाकून मास्तरचा कान बोटांत धरला. मास्तरने डोळे मिटून सगळं अंग त्यांच्या पायावर टाकलं. त्याची काहीच तक्रार नव्हती.

लेकीला बघवेना. तिने पट्टा त्यांच्या हातात दिला.

"न्या याला घरी. तुम्हाला कळलं होतं, असं सांगते मी आईला."

पट्टा आता त्यांच्या हातात होता. घर इथून फार लांब नव्हतं. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं, मास्तरला उचलून मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लेकीच्या हातात परत ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या आवाजावरून ओळखेल ती."