सरांची आहारवही

आहाराचा तास मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या गळ्यात मारला, ही त्यांची विनोदबुद्धी की सूड, हे मला अजून कळलेलं नाही. मी फळ्यावर वरची ओळ लिहायला गेलो की खालची माझ्या पोटाने पुसली जाते, हे नववीच्या वर्गाला पाठ आहे.

तरी उत्साह दांडगा. मुलांना म्हटलं, आठवडाभर जे जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं आणि खरं लिहायचं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुम्हीपण लिहा ना!" मी लगेच हो म्हणालो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सोमवारी खरं लिहायला बसलो, तर दुपारपर्यंतच पान भरलं. प्रयोगशाळेच्या कपाटात, बरणीतल्या बेडकामागे, मी क्रीमची बिस्किटं ठेवतो. ती लिहायची म्हणजे अब्रूची लक्तरं वेशीवर टांगायची. मी नवं पान घेतलं. सकाळी एक सफरचंद. दुपारी वाटीभर सूप. संध्याकाळी काकडी. रात्री भूक नव्हती. असे सातही दिवस एका बैठकीत, वळणदार अक्षरात लिहून काढले आणि 'नमुना' म्हणून वर्गाच्या भिंतीवर लावले. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, त्यातले दाखवायचे भिंतीवर गेले.

दहा दिवसांनी, मी जीवनसत्त्वांवर तोंडाची वाफ दवडत असताना, पहिल्या बाकावरची मुलगी खाली कोसळली. सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती कधी रिकामी बसत नाही. आजारी मुलांच्या खोलीत नर्सबाईंनी तिला साखरपाणी पाजलं आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"एक सफरचंद."

"आणि काल रात्री?"

"काही नाही. सरांच्या वहीत रात्री भूक नसते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मुंगी शांतपणे म्हणाली, "सर एवढे मोठे असून एवढ्यावर भागवतात. मग मला वाटलं, मी किती हावरट आहे!"

एवढ्यात तिची आई धापा टाकत आली. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. अशक्तपणा म्हणून पोरगी घरी गेली असती, आणि संध्याकाळी पुन्हा काकडी खाल्ली असती. मी एका दमात सांगून टाकलं, "ते सगळं खोटं होतं. मला लाज वाटली म्हणून लिहिलं. कपाटात माझी बिस्किटं आहेत. आज सकाळी आठ खाल्ली."

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं, मध्यावर जरा जास्त वेळ. धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण तिलाही मी जडच गेलो असतो.

"सर," आई म्हणाली, "मी ताट वाढलं की ही म्हणायची, सरांनी लिहिलंय. तुमचं नाव आलं की मी गप्प बसायचे."

तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही.

मुंगी उठून बसली. "सर, म्हणजे तुम्हालाही भूक लागते?"

"लागते गं. दर दोन तासांनी लागते."

तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, मलाच लागते."