खोटे ठरवलेले मोती

क्षमा बारा वर्षांपासून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका सराफाकडे मोती निवडायची. भाची श्रावणीच्या साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाईंनी, पुरानी बस्तीतल्या सत्यभामाबाईंनी, पोरीच्या गळ्यात मोत्यांची जुनी माळ घातली, तेव्हा श्रावणीच्या आईने, कुमुदताईने, ती उतरवून घेतली आणि धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात ओढलं.

"पाहून सांग बरं जरा."

क्षमाने एक मोती दाताला घासला. खरा मोती किंचित खरखरतो. हा काचेसारखा सरकला. तेजही नव्हतं. बाहेर पानं वाढून झाली होती. "खोटे वाटतात, ताई," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

कुमुदताईने मात्र दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंना फोनवर सुनावलं. बोलणं बंद झालं. श्रावणी धड जेवेना. शेवटी माळ परत पाठवायची ठरलं, म्हणजे लग्न मोडल्यातच जमा. डब्यातून काढताना माळेचा कुजका दोरा तुटला. तुटकी माळ परत केली तर वर बोल लागेल, म्हणून कुमुदताईने ती ओवायला क्षमाकडे दिली.

क्षमाने मोती ओल्या मऊ फडक्याने पुसले. फडक्यावर पिवळट, तेलकट थर उतरला. भिंगाखाली छिद्राची कड पाहिली, तर आत पापुद्र्यावर पापुद्रा, खऱ्या मोत्यात असतो तसा. पुन्हा दाताला लावला. खरखरला. एकेक करून तिने सगळे तपासले, माळ ओवली आणि ती घेऊन तशीच पुरानी बस्ती गाठली.

"काकू, मोती खरे आहेत. वरून तेल बसलं होतं. मी घाईत पाहिलं, माझी चूक झाली."

"चाळीस वर्षं गळ्यात होती माझ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेल, अत्तर, घाम. तेज जाईलच. पण खरे आहेत हे मले माहीतच होतं. मले काहून सांगून राहिली? बहिणीले सांगितलं काय?"

इथे येणं क्षमाला ताईला सांगण्याहून सोपं वाटलं होतं.

"मग लाव फोन. इथूनच."

सगळं ऐकून कुमुदताई म्हणाली, "तूच तर सांगितलं होतं. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडे?"

"येऊ दे तिले," सत्यभामाबाई बाजूने म्हणाल्या. "पोट्टीले घेऊन ये म्हणा."

लग्न ठरल्या तारखेला झालं. ती माळ सत्यभामाबाईंनी पुन्हा बाहेर काढली नाही, श्रावणीनेही विचारली नाही. कुमुदताई मांडवात क्षमाशी कामापुरतंच बोलत होती.